आधी काम, मग तयारी

स्वमग्न मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की घरात एक वाक्य मुक्कामाला येते: अजून थोडी तयारी होऊ दे, मग नोकरीचे बघू. आईवडील हे म्हणतात, विशेष शाळेतल्या बाई म्हणतात, स्पीच थेरपिस्ट म्हणतात, आणि कोणाच्याही मनात मुलाचे वाईट नसते. मुलगा समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, मोठा आवाज झाला की कान झाकतो, मध्येच उठून येरझारा घालतो. एवढे सुधारले की पुढचे पाहू. या ‘पुढच्या’ला मात्र तारीख नसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो अठरा वर्षांपर्यंतच. त्यानंतर उरतो तो व्यवसाय-प्रशिक्षणाचा वर्ग: पणत्या रंगवणे, कागदी पिशव्या चिकटवणे, मेणबत्त्या ओतणे. चोविसाव्या वर्षीही मूल पणत्याच रंगवत असते आणि अजूनही ‘तयार’ नसते. माझे म्हणणे असे की हा क्रमच उलटा आहे. स्वमग्न तरुण नोकरीसाठी वर्गात तयार होत नाही, तो नोकरीत तयार होतो. म्हणून करिअर मार्गदर्शनाने पहिला प्रश्न विचारायला हवा तो त्या कामात नेमके काय आहे, हा. मुलात काय कमी आहे हा प्रश्न त्यानंतरचा, आणि बऱ्याचदा त्याची गरजच पडत नाही.

हे केवळ सदिच्छेपोटी म्हणत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात पॉल वेहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अठरा ते एकवीस वर्षांच्या स्वमग्न तरुणांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटातल्या १६ जणांचे नेहमीचे विशेष शिक्षण चालू राहिले. दुसऱ्या गटातल्या २४ जणांनी शाळेचे शेवटचे वर्ष रुग्णालयात काढले. तिथे नऊ महिने त्यांनी वेगवेगळ्या विभागांत खरे काम केले, आणि काम शिकवणारा प्रशिक्षक, म्हणजे जॉब कोच, त्यांच्या शेजारी उभा असे. वर्ष संपल्यावर रुग्णालयात गेलेल्या २४ पैकी २१ जणांना पगारी नोकरी मिळाली. वर्गात राहिलेल्या १६ पैकी एकाला. चाळीस जणांचा प्रयोग लहान आहे, हे खरे. पुढे तो अधिक तरुणांवर आणि अधिक ठिकाणी झाला तेव्हा यशाचे प्रमाण खाली आले, पण दोन गटांमधली दरी काही बुजली नाही. या आकड्यांकडे बघताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये: दोन्ही गटांतली मुले सारखीच होती. फरक होता तो त्यांनी ते एक वर्ष कुठे घालवले यात.

असे का घडते, याचे उत्तर स्वमग्नतेच्या स्वभावातच आहे. एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी लावणे अनेक स्वमग्न व्यक्तींना जड जाते. वर्गात प्लॅस्टिकच्या नाण्यांनी सुट्या पैशांचा हिशेब अचूक करणारी मुलगी दुकानाच्या गल्ल्यावर गोंधळते, कारण तिच्या दृष्टीने ते वेगळे काम आहे: नाणी वेगळी, टेबल वेगळे, समोर माणूस घाईत, वर पंख्याची घरघर. आपण बाकीचे लोक ‘तेच तर आहे’ म्हणून पुढे जातो. तिला ते ‘तेच’ नसते. मग सहा वर्षे वर्गात केलेली तयारी कामाच्या पहिल्या दिवशी जवळजवळ शून्यावर येते आणि सगळे हळहळतात की अजून तयारी कमी पडली. उलट तोच हिशेब पहिल्यापासून त्याच गल्ल्यावर शिकवला, तर जे शिकले ते तिथेच कामाला येते. कामाच्या ठिकाणचे अलिखित नियमही तिथेच कळतात. चहा किती वाजता, साहेबांना हाक कशी मारायची, काम संपले तर बसून राहायचे की विचारायला जायचे, हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही, कारण प्रत्येक जागेचे नियम निराळे असतात.

यावर एक रास्त शंका येते. अमेरिकेत रुग्णालये तयार असतात, प्रशिक्षकांचे पगार सरकार देते. आपल्याकडे हे कोठून आणायचे? त्यासाठी आणखी मागे, स्वमग्नतेच्या पहिल्याच नोंदीकडे जावे लागेल. लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये ज्या अकरा मुलांचे वर्णन करून ही अवस्था वैद्यकशास्त्रापुढे मांडली, त्यांतला पहिला मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. तो पुढे पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला आणि अनेक दशके तिथेच होता. २०२३ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. बँक त्याच्या आईच्या माहेरच्यांची होती, तेव्हा हे श्रीमंताघरचे नशीब आहे असे म्हणता येईल. पण १९७१ मध्ये कॅनरने या अकरा जणांचे पुढे काय झाले याचा माग काढला, तेव्हा त्याला डोनाल्डच्या आयुष्यात महत्त्वाचे वाटले ते बँकेच्या आधीचे एक पर्व. लहानपणी काही वर्षे डोनाल्ड एका साध्या शेतकरी जोडप्याकडे राहिला होता. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजण्याचा त्याला छंद. त्या जोडप्याने नांगर हाती दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोजायला सांगितले. मापे घेण्याचे वेड होते, तर विहीर खणायला लावून खोली मोजून सांग म्हटले. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांच्या दफनासाठी वेगळी जागा नेमून दिली. त्यांनी सवय मोडायला वर्षे घालवली नाहीत, सवयीला काम जोडले. त्याच अकरांपैकी जी मुले सरकारी संस्थांत ठेवली गेली, त्यांची वाढ तिथे खुंटली, असेही कॅनरने त्याच लेखात नोंदवले. त्या जोडप्याकडे कसले प्रशिक्षण नव्हते, अनुदान नव्हते. आपल्या धारवाड जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला जमणार नाही असे त्यात काही नाही.

जवळचेच उदाहरण हवे असेल तर ते याच जिल्ह्यातल्या हुबळीत आहे. दिव्यांगांनी चालवलेल्या उपाहारगृहांची साखळी म्हणून आज देशभर ओळखल्या जाणाऱ्या ‘मिट्टी कॅफे’ची सुरुवात २०१७ मध्ये हुबळीत झाली. अलीना आलम या तरुणीने एका मोडक्या पत्र्याच्या शेडमध्ये ती केली. शारीरिक अपंगत्व, बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार असलेली माणसे तिथे चहा-नाश्ता बनवू आणि वाढू लागली. पुढे कंपन्यांच्या आवारांत, बेंगळुरूच्या विमानतळावर कॅफे निघाले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते एकाचे उद्घाटन झाले. या यशाबद्दल आनंद वाटतोच, पण इथे मला त्यातली कार्यपद्धती महत्त्वाची वाटते. शेडमध्ये आलेल्या माणसांना कोणी आधी ‘तयार’ केलेले नव्हते. काम समोर होते आणि शिकवणारे शेजारी. हुबळीत मुले तयार नाहीत, मालक तयार नाहीत, समाज तयार नाही असे जे सांगितले जाते, त्याला हुबळीनेच उत्तर दिलेले आहे. मात्र एका कॅफेचे कौतुक करून थांबणे हा दुसरा धोका. सगळ्याच स्वमग्न तरुणांना गिऱ्हाईकांची वर्दळ, भांड्यांचा आवाज आणि सतत बदलणाऱ्या ऑर्डरी झेपतील असे नाही. एकाला जे काम मानवले ते दुसऱ्याला मानवेलच, हा आग्रह म्हणजे पणत्यांच्या वर्गाचीच नवी आवृत्ती.

असाच आग्रह संगणकाबाबत धरला जातो. स्वमग्न म्हणजे गणितात किंवा संगणकात असामान्य, अशी एक समजूत सिनेमांनी पक्की केली आहे आणि तिला बेंगळुरूच्या बातम्यांनी खतपाणी मिळाले आहे. बातम्या खऱ्या आहेत. सॅप या जर्मन कंपनीने बेंगळुरूच्या आपल्या केंद्रात मोजक्या स्वमग्न तरुणांना सॉफ्टवेअर तपासणीच्या कामावर घेतले आणि २०१३ मध्ये हा उपक्रम जगभर नेण्याचे जाहीर केले. त्याआधी डेन्मार्कमध्ये थॉर्किल सॉन्ने यांनी, आपला मुलगा स्वमग्न असल्याचे कळल्यानंतर, २००४ मध्ये अशा तरुणांना संगणकक्षेत्रात काम देणारी कंपनी काढली होती. तोंडी मुलाखतीऐवजी यंत्रमानवाचे खेळणे बांधायला देऊन माणसाची कुवत जोखायची, ही त्यांची पद्धत कोणालाही उचलता येईल अशी आहे. परंतु संगणकाची आवड आणि गती दोन्ही असलेले स्वमग्न तरुण थोडेच असतात, जसे बाकीच्या समाजातही थोडेच असतात. हुबळीतल्या मुलाला घरापासून तोडून, अनोळखी महानगरात, त्याला न आवडणाऱ्या कामासाठी धाडणे म्हणजे त्याच्या अडचणी एका झटक्यात चौपट करणे. जो मुलगा खरोखर संगणकात रमतो त्याने जरूर जावे. बाकीच्यांसाठी काम गावातच शोधायला हवे.

आणि हुबळी-धारवाडमध्ये कामांचा तुटवडा नाही, ती कामे बारकाईने पाहण्याची सवय नाही. बेंगेरीतला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ घ्या. १९५७ साली स्थापन झालेली ही संस्था प्रमाणित खादीचे राष्ट्रध्वज बनवते. तिथे नेमून दिलेल्या नऊ आकारांत, ठरलेल्या रंगछटांत, चोवीस आऱ्यांचे चक्र दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळेल असे काम करावे लागते. थोडाही फरक चालत नाही. तिथे कोणा स्वमग्न व्यक्तीला नोकरी मिळाली आहे असे मी सुचवत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की ‘थोडेफार इकडेतिकडे चालते’ हे ज्याला सहनच होत नाही, अशा माणसाची सवय काही कामांत दोष नसून पात्रता असते. धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आहे, कृषी विद्यापीठ आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. म्हणजे ग्रंथालये, अभिलेख, नमुन्यांच्या नोंदी, कागद स्कॅन करून क्रमाने लावणे आले. हुबळी हे नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय; तिथे कार्यशाळा आणि भांडारे आहेत. औषधांचे ठोक व्यापारी आहेत, ज्यांच्याकडे मुदत संपत आलेल्या औषधांची छाननी रोज करावी लागते. पेढ्यांची दुकाने आहेत, जिथे वजन, खोका, लेबल हा क्रम दिवसभर बदलत नाही.

मार्गदर्शकाने हेच करायचे असते: हुद्द्याचे नाव बाजूला ठेवून काम उलगडायचे. दिवसात एकूण किती प्रकारची कामे येतात? एक काम संपले हे कशावरून कळते? सूचना तोंडी मिळतात की लिहून? आवाज, वास, उजेड कसा आहे? अनोळखी माणसाशी किती वेळा बोलावे लागते? वेळापत्रक आयत्या वेळी बदलते का, आणि बदलले तर सांगणारे कोणी आहे का? एकाच औषध दुकानात काउंटरवर उभे राहणे आणि मागच्या खोलीत साठा लावणे ही या प्रश्नांच्या दृष्टीने दोन वेगळ्या जगातली कामे आहेत. पहिल्यात अपयशी ठरलेल्या मुलावर ‘नोकरीला नालायक’ असा शिक्का मारण्याआधी त्याला चार पावले मागे, साठ्याच्या खोलीत नेऊन बघायला हवे होते. बऱ्याच सोयी तर फुकटच्या असतात. कामांची क्रमवार चित्रयादी भिंतीवर लावणे, सूचना एका वेळी एकच देणे, कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन चालवून घेणे, जेवणाची सुट्टी एकट्याने घेऊ देणे. नॉर्थ कॅरोलायनातल्या, स्वमग्न व्यक्तींसाठीच्या टीच या उपक्रमाने अशी दृश्य मांडणी १९७० च्या दशकापासून वापरली आहे आणि तिला लागतो तो पुठ्ठा, स्केचपेन आणि थोडा संयम.

हुबळी-धारवाडमधल्या मराठी घरांपुढे भाषेचा एक जादा प्रश्न असतो. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात हिंदी आणि थेरपीच्या खोलीत बहुधा इंग्रजी. मूल लहान असताना ‘एकच भाषा ठेवा, गोंधळ होईल’ असा सल्ला अनेक घरांना मिळालेला असतो आणि मग इंग्रजी राहते, आजीची मराठी जाते, शेजाऱ्यांची कन्नड येतच नाही. द्विभाषिक घरांतल्या स्वमग्न मुलांवर झालेल्या अभ्यासांत, दुसऱ्या भाषेमुळे त्यांची भाषिक वाढ मागे पडल्याचे दिसत नाही. पण नोकरीच्या वयात त्या सल्ल्याची किंमत मोजावी लागते, कारण हुबळीतल्या गोदामात सूचना कन्नडमध्ये येतात. अठराव्या वर्षी अख्खी भाषा शिकवत बसण्याची गरज नाही. त्या जागी लागणारी तीस-चाळीस कन्नड वाक्ये त्या जागीच शिकवता येतात, आणि भिंतीवरच्या यादीत चित्र, कन्नड, मराठी तिन्ही असू शकतात. जाण्यायेण्याचेही तसेच. हुबळी-धारवाड मार्गावर २०१८ पासून धावणाऱ्या ‘चिगरी’ बसना स्वतंत्र मार्गिका आहे, ठरलेली स्थानके आहेत, दार फलाटाच्या पातळीवर उघडते. ठरावीकपणा हवासा वाटणाऱ्या प्रवाशाला ही सेवा साध्या बसपेक्षा फार सोपी. नोकरी शोधताना नकाशावर आधी चिगरीचा मार्ग आखावा आणि त्याच्या चालत्या अंतरात काय आहे ते बघावे, हा माझा अगदी साधा सल्ला आहे. प्रवास एकट्याने जमला नाही म्हणून सुटलेली नोकरी ही कामात कमी पडल्यामुळे सुटलेली नसते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. जे बोलत नाहीत, ज्यांना स्वतःचे नित्याचे व्यवहारही मदतीशिवाय जमत नाहीत, त्यांचे काय? व्हर्जिनियाच्या प्रयोगातले तरुण स्वतःचे खाणेपिणे, स्वच्छता सांभाळणारे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. सर्वांना आठ तासांची नोकरी झेपेल असे म्हणणे अशा मुलांच्या आईवडिलांवर अन्याय करणारे ठरेल. परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून वर्गात ठेवा’ असा नाही. कमी बोलणाऱ्याला जागा बदलल्यावर शिकलेले वापरणे अधिकच अवघड, म्हणजे त्याला तर प्रत्यक्ष जागी शिकवण्याची गरज जास्त. त्याच्यासाठी काम दोन तासांचे असेल, एकच कृती असेल, सोबतीला माणूस कायमचा असेल. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही ही म्हण इथे अर्धीच खरी आहे. शेजारी कोणी नसताना ढकलून देणे म्हणजे शिकवणे नव्हे, आणि जी नोकरी सोबतीशिवाय दिली ती सुटली तर दोष मुलाचा नव्हे.

मालकाने हे का करावे, असेही विचारले जाते. कायदा काही प्रमाणात उत्तर देतो. सरकारी आस्थापनांत चार टक्के पदे दिव्यांगांसाठी राखीव आहेत आणि त्यांतला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात मिळून आहे. आधीच्या, म्हणजे १९९५ च्या कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते, त्या मानाने हे मोठे पाऊल. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण जाहीर करायचे आहे. पण लाभासाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि एका टक्क्यात इतके वाटेकरी असताना केवळ आरक्षणाची वाट बघत बसणे शहाणपणाचे नाही. खासगी मालकाला पटतो तो हिशेब. जो कामगार आवडीने एकच काम करतो, सांगितलेल्या क्रमात करतो आणि एकदा रुळला की सहसा सोडून जात नाही, तो त्याला परवडतो. अडते ते पहिल्या काही महिन्यांत, शिकवणाऱ्या माणसाच्या खर्चापाशी. तो खर्च मालकावर टाकला तर तो नाही म्हणणार, आणि त्याचे चुकत नाही.

म्हणूनच बरीच घरे ‘आपल्याच दुकानात बसवू’ असे ठरवतात. हा मार्ग मला मुळीच कमी प्रतीचा वाटत नाही. डोनाल्डची बँकही घरचीच होती. फक्त तिथे ठरलेले काम, ठरलेली वेळ आणि हातात पडणारा पगार हवा. नाहीतर ते बसणेच राहते. हुबळीसारख्या रेल्वेच्या गावात आणखी एक भीती आड येते आणि ती उघड बोलली जात नाही: मुलगा कमावता झाला तर आमच्यामागे त्याला मिळणारे कौटुंबिक निवृत्तिवेतन बंद होईल. भीती निराधार नाही, कारण हे वेतन स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्यासाठी असते. पण केंद्र सरकारने २०२१ मध्ये उत्पन्नाची मर्यादा बरीच वाढवली. दिव्यांग अपत्याचे इतर उत्पन्न, आईवडिलांच्या शेवटच्या पगाराच्या तीस टक्के अधिक महागाई भत्ता, यापेक्षा कमी असेल तर हक्क राहतो. अर्धवेळ किंवा साध्या नोकरीचा पगार अनेकदा या मर्यादेच्या आत बसतो. आपल्या कार्यालयात विचारून, आकडा लिहून काढून मगच निर्णय घ्यावा. ऐकीव भीतीपोटी मुलाला घरी बसवू नये.

उरतो तो शिकवणाऱ्या माणसाचा प्रश्न, आणि इथे मला एक ठोस मागणी करावीशी वाटते. ब्रिटनमध्ये विशेष शिक्षण आणि थेरपी आपल्यापेक्षा कितीतरी अधिक, तरी २०२० च्या अधिकृत आकड्यांनुसार तिथले शंभरातले सुमारे बावीस स्वमग्न प्रौढच नोकरीत होते. नुसती तयारी वाढवून आकडा हलत नाही याचा आणखी काय पुरावा हवा? हुबळीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, धारवाडजवळ सत्तूरला एसडीएमचे आहे, धारवाडला मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था आहे. धुलाई, भांडार, केसपेपर, निर्जंतुकीकरण, स्वयंपाकघर: रुग्णालय म्हणजे ठरावीक पावलांच्या कामांचे अख्खे गावच असते. यांपैकी एका ठिकाणी दहा स्वमग्न तरुण, दोन जॉब कोच, नऊ महिने आणि तीन विभाग, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. कोचचा पगार जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून निघू शकतो. व्यवसाय-प्रशिक्षणाच्या वर्गांवर आज खर्च होतोच आहे, त्यातला काही भाग इकडे वळवला तरी चालेल. त्या वर्गांतल्या शिक्षिकांनाच कोच करावे. त्यांना ही मुले माहीत आहेत, मुलांना त्या माहीत आहेत, आणि वर्गाऐवजी त्यांनी रुग्णालयाच्या भांडारात उभे राहायचे, इतकाच बदल त्यांच्याकडून हवा आहे.